बोअरची गाडी आणि मेन स्विच

मी मेन स्विच खाली ओढला, नातीचा दंड धरला आणि तिला फरफटत अंगणात आणलं. ती ओरडली, "आज्जे, भूकंप न्हाई! शेजारी बोअरची गाडी लागलीय!"

खरंच बोअरची गाडी होती. शेजारच्या प्लॉटवर मुलींचं होस्टेल होणार होतं. लातुरात क्लास वाढले, होस्टेलं वाढली, पाणी खाली गेलं. आता जमीन हादरेपर्यंत भोक पाडतात.

नात डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लासला होती. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, निलंग्याला कामाला. मी तिला रांधून घालायला लातुरात एका खोलीत राहत होते. त्या रविवारी दहा वाजता क्लासची चाचणी घरूनच द्यायची होती, तीही मोबाइलवर चालणार नव्हती. मार्क पडले तर वरची बॅच. शिकवणारे चांगले सर तिथंच. खालच्या बॅचला नुसत्या झेरॉक्स वाटायच्या. आमचा कॉम्प्युटर कुणीतरी वापरून विकलेला. कॉम्प्युटर चालवायला त्यात लिनक्स होतं, कारण ते फुकट मिळतं. चाचणीसाठी नवा प्रोग्रॅम बसवायचा होता. तो निम्मा बसला असताना मी लाइट घालवली.

लाइट परत लावली. कॉम्प्युटर सुरू झाला, पण प्रोग्रॅम बसेना. पोरगी पुन्हा पुन्हा तेच करायची आणि पडद्यावर त्याच इंग्रजी ओळी यायच्या. पावणेदहाला तिनं कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानदाराला स्पीकरवर फोन लावला.

"बसवताना मधीच बंद केला का?" तो म्हणाला.

"आज्जीनं मेन ओढला."

"मग आज्जीलाच बसवा की दुरुस्तीला."

"आज्जी ऐकायलीय," मी म्हणाले. "तोंड कमी चालव आन् सांग."

तो सरळ झाला. "ताई, नवीन काय बसवू नका. सामान उतरलंय, पण जागेवर लागलं न्हाई. आधी ते पुरं करा, मग बाकीचं. वर काय लिहिलंय वाचा. तुम्ही स्वतः चालवा म्हणून एक ओळ दिलीय बघा. जशीच्या तशी टाका."

ओळ पहिल्यापासून समोरच होती. घाईत तिनं वाचलीच नव्हती. मी चौथी शिकलेली, मला इंग्रजी येत नाही, तिला येतं.

तिनं ओळ टाकली. कॉम्प्युटरनं पासवर्ड मागितला. ती दाबत होती, पण एक अक्षर उमटेना. "बटनं मेली," मी म्हणाले.

"दिसत न्हाईत ती. टाकून एंटर मारा," फोनवरून आलं.

मग ओळीमागून ओळ सरकू लागली. एका ठिकाणी अडली. त्यानं दुसरी ओळ सांगितली, राहिलेले तुकडे नेटवरून ओढायची. फोनचं नेट लावलं. ते मुंगीच्या चालीनं आलं.

दहा वाजून वीस मिनिटांनी प्रोग्रॅम उघडला. चाचणीचं दार सव्वादहाला बंद झालं होतं.

मी क्लासच्या ऑफिसात फोन करून भूकंप समजून लाइट घालवल्याचं सांगितलं. तिथली बाई म्हणाली, "मावशी, लातुरात सगळ्यांनाच भूकंपाचं कारण सापडतं. खालच्या बॅचला बसवा." मी फोन ठेवून दिला.

"तू कशाला ओढलास?" नातीनं विचारलं. ती रडत नव्हती, त्याचंच मला वाईट वाटलं.

मी तिला सांगितलं. भूकंप झाला त्या पहाटे आमच्या गावात भिंती पडल्या, पण लाइट गेली नव्हती. तुटलेली तार दगडांत पडलेली. खालून माझ्या लेकीचा आवाज येत होता आणि तारेच्या भीतीनं कुणी हात घालेना. मेनची पेटी कुठं गाडली गेली ते सापडेपर्यंत आवाज थांबला. तेव्हापासून जमीन हलली की माझा हात आधी मेनवर जातो.

"पण आज भूकंप नव्हता," ती म्हणाली.

"नव्हता."

मी माफी मागितली नाही. ती वर्षभर खालच्या बॅचला बसली आणि डॉक्टरकीला तिचा नंबर लागला नाही. हे माझ्यामुळं झालं. तरी उद्या जमीन हलली तर मी पुन्हा ओढीन.

त्या पहाटे आमच्या घरात सात माणसं निजली होती. मी आणि तिचा बाप, दोघंच वाचलो.