फक्त उभी राहा

पहिल्या गाण्याच्या मध्यावर मी बोटं थांबवली. बेस चालूच राहिला.

आधी वाटलं भास आहे. पुन्हा तार छेडली. काहीच नाही. बेसचा आवाज कानाआधी पायांना कळतो. स्टेजच्या फळ्या थरथरत होत्या, पण माझ्या बोटांनी नाही. मागे वळून पाहिलं. माझ्या ॲम्पमध्ये कीबोर्डची वायर खोचलेली होती. कीबोर्डवाला नचिकेत उजव्या हाताने धून वाजवत होता आणि डाव्या हाताने बेस. माझ्या गिटारची वायर स्टेजच्या कडेला साउंडवाल्याच्या मिक्सरपर्यंत जात होती. पुढे कुठेच नाही.

समोर ऑफिसर्स क्लबचा हॉल गच्च भरलेला. भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपचा वार्षिक कार्यक्रम. पुढच्या रांगेत कारखान्याचे मोठे साहेब, त्यांच्या बायका, पाहुणे. आणि मी गळ्यात गिटार अडकवून उभी. सांगायला लाज वाटते, पण उरलेलं गाणं मी नुसती बोटं हलवत राहिले. काय करावं तेच सुचेना.

टाळ्या वाजल्या. मी साउंडवाल्याकडे गेले.

"भैया, मेरी लाइन?"

"बंद है।"

"क्यों?"

"अपने को क्या मालूम। समीर भैया ने दोपहर में ही बोल दिया था, इनकी लाइन मत खोलना।"

दुपारीच. दुपारी साउंड चेक चालू असताना मी हॉलमध्ये नव्हते. समीरच्या आईने, काकूंनी, मला आत बोलावून घेतलं होतं. पाहुण्यांच्या गुच्छांना रिबिनी बांधायला. बँडमधल्या एकाही मुलाला बोलावलं नव्हतं. मी रिबिनी बांधत होते आणि इकडे माझा आवाज काढून घेत होते.

समीर आमचा लीड गिटारिस्ट. कॉलेजात माझ्याच वर्गात. त्याचे वडील कारखान्यात ज्या शॉपचे, म्हणजे विभागाचे, मुख्य, त्याच शॉपमध्ये माझे बाबा फिटर. समीरच्या घरचे पुण्याचे, बंगल्यात राहणारे. आम्ही नागपूरचे, कारखान्याच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. समीरला बँड काढायचा होता. गिटार सगळ्यांनाच वाजवायची होती, बेस कुणालाच नको होता. बेस कुणी बघत नाही. मी वाजवायचे. माझा मामा भोपाळातच कोटरा सुल्तानाबादला राहतो, त्याचा ऑर्केस्ट्रा आहे. जयंतीला वस्तीवस्तीत त्यांचे कार्यक्रम असतात. मामानेच शिकवलं. मी दहावीत असल्यापासून जयंतीच्या स्टेजवर त्याच्याशेजारी उभी राहत आले आहे, समोर निळे झेंडे, माणसांचा समुद्र. बेसचा ॲम्पही मामाचाच. जड, कोपऱ्यांवर पत्रा ठोकलेला. समीरने मला बँडमध्ये घेतलं तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारला होता: "ॲम्प आणशील ना?"

आणला. बाबांनी ओळखीच्या ऑटोत घालून बंगल्यावर पोचवला.

रिहर्सल बंगल्याच्या गॅरेजमध्ये. पहिल्याच दिवशी काकू चहा घेऊन आल्या. मराठी मुलगी म्हणून खूश झाल्या. म्हणाल्या, "इकडे भोपाळात आपलं माणूस भेटलं की किती बरं वाटतं गं. आडनाव काय तुझं?"

मी सांगितलं.

"नागपूरला कुठे?"

तेही सांगितलं.

"अच्छा अच्छा," काकू म्हणाल्या. चेहरा बदलला नाही. ट्रे बदलला. पुढच्या रिहर्सलपासून मुलांना कपबशा, मला काचेचा ग्लास. ग्लास धुऊन गॅरेजच्या खिडकीतच पालथा घातलेला असायचा. मुलं कपातून प्यायची. मी ग्लासातून. चहा गोड होता. गोड होता म्हणूनच जास्त राग यायचा, कारण घरी जाऊन आईला सांगणार तरी काय? ग्लासात चहा दिला म्हणून? आई म्हणाली असती, आपणही ग्लासातच पितो.

समीर कौतुक करायचा. पाहुणे आले की माझी ओळख करून द्यायचा. "ही आमची बेसिस्ट. बघा, ठेका यांच्या रक्तातच असतो." मी रोज बोटांना फोड येईपर्यंत वाजवायचे. टी. टी. नगरच्या दुकानातून तारा आणायचे, त्या गंजेपर्यंत वापरायचे. ते सगळं रक्तात गेलं. त्याने मात्र रियाज केला, म्हणून त्याला येत होतं.

कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात पुण्याहून समीरचा मावसभाऊ आला. हाच तो नचिकेत. नवाकोरा कीबोर्ड घेऊन. त्यात सगळे आवाज होते, बेससुद्धा. त्या दिवसापासून मला जरा मागे उभं करायला लागले. "आवाज कमी कर." मी केला. "अजून कमी." केला. मला वाटलं, माझंच चुकतंय. रात्री पांघरुणात बोटं मोजत गाणी घोकली. त्यांना मी नको होते, हे मला कळलंच नाही. ॲम्प हवा होता. मला काढलं असतं तर ॲम्पही गेला असता. म्हणून मला ठेवलं.

तर, पहिलं गाणं संपलं होतं. मी समीरजवळ गेले. तो लोकांकडे बघून हसत होता. मी हळू आवाजात विचारलं, "माझी लाइन का बंद केलीस?"

हसू न मोडता तो म्हणाला, "आत्ता नको यार. शो के बाद बात करते हैं. तू फक्त उभी राहा. छान दिसतेस."

फक्त उभी राहा.

माझ्या डोक्यात काही मोठा विचार आला नाही. लोक विचारतात, तेव्हा काय वाटलं? काही नाही. कान गरम झाले. मी ॲम्पकडे चालत गेले, नचिकेतची वायर उपटली आणि माझी खोचली. स्पीकरमधून मोठा ठप्प आवाज झाला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी कानांवर हात ठेवले.

नचिकेत म्हणाला, "ए, काय करतेस?"

मी म्हटलं, "वाजवते."

ड्रमवाल्याने ठोका दिला होता, आता थांबता येत नव्हतं. मी वाजवलं. आवाज वाढवला. त्यांनी कमी करायला लावला होता त्याच्या कितीतरी वर. फळ्या माझ्या बोटांनी हलल्या. समीर सारखा मागे वळून बघत होता, दोनदा चुकला.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या. पहिल्या गाण्याला झाल्या होत्या तेवढ्याच.

हे मी मुद्दाम सांगते. हॉल उठून उभा राहिला नाही. बेस खरा होता की कीबोर्डचा, हे तिथे कुणालाही कळलं नाही. इतके महिने ज्याच्यासाठी मरत होते, त्याचा त्या लोकांना पत्ताच नव्हता. आजही तो हॉल आठवला की दात आवळले जातात.

पडद्यामागे समीर म्हणाला, "तुम्हा लोकांना जवळ केलं की डोक्यावर बसता." काकू म्हणाल्या, "आम्ही तुला घरात घेतलं गं." गॅरेजमध्ये, काकू. घरात नाही. तेव्हा हे तोंडातून निघालं नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी बाबा ड्यूटीवरून आले ते उभेच राहिले. बूट काढले नाहीत.

"साहेबांनी बोलावलं बंगल्यावर. तुले घेऊन ये म्हणाले. सॉरी म्हणून टाक बापा, दोन मिनिटांचं काम आहे."

"मी काय केलं?"

"मले काय समजते त्यातलं? साहेबांची इज्जत गेली म्हणे सगळ्यांसमोर."

मी गेले. बाबांकडे बघून गेले. माफी मागायचीच, असं ठरवूनच गेले होते.

बंगल्याच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या होत्या. साहेब, म्हणजे समीरचे वडील, बसलेले. समीर दारात. आम्हाला बसा म्हणाले नाहीत. साहेब शांतपणे बोलले, ओरडले नाहीत. "मुलांना संस्कार द्यावे लागतात," ते बाबांना म्हणाले. "नुसतं कॉलेजात घालून भागत नाही."

बाबांनी हात जोडले. "चुकलं साहेब तिचं. लहान आहे."

बाबांच्या नखांत ग्रीस होतं. साबणाने धुऊनसुद्धा राहतं ते. ती बोटं एकमेकांना चिकटलेली, छातीशी, आणि मान खाली. माझ्यासमोर. मी बाबांना कधी असं पाहिलं नव्हतं. मामाच्या स्टेजसमोर पहिल्या रांगेत ताठ बसणारा माणूस तो.

मी म्हटलं, "बाबा, हात खाली करा."

ते ऐकेनात. मी त्यांचं मनगट धरून हात खाली केले.

मग साहेबांना म्हटलं, "ॲम्प माझ्या मामाचा. वाजवणारी मी होते. माझा आवाज समीरने बंद करायला लावला, मला न सांगता. माफी त्याने मागायची आहे."

साहेब समीरकडे बघत राहिले. समीर जमिनीकडे.  मग साहेब बाबांना म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही या आता."

पुढच्या महिन्यात बाबांची बदली फाउंड्रीत झाली. कारण दिलं, तिकडे माणसं कमी आहेत. वितळलेल्या लोखंडाजवळचं काम. बाबा घरी येतात तेव्हा खोकतात, थुंकीत काळं पडतं. आई मला काही बोलत नाही, पण भांडी आपटते. मामा म्हणतो, बरं केलंस. मामाला फाउंड्रीत जावं लागत नाही.

परवा बाबा जेवताना म्हणाले, "अजूनही जाऊन बोललीस, तर साहेब ऐकतील कदाचित."

मी ताटाकडे बघत म्हटलं, "नाही."

"मी खोकतो ते दिसते ना तुले?"

"दिसतं, बाबा. तरी नाही."

 त्यांचा घास हातात तसाच राहिला. त्या घासाचं ओझं माझ्यावर आहे, हे मला माहीत आहे. पण बाबांना फाउंड्रीत मी पाठवलेलं नाही. ज्याने पाठवलं त्याच्या दारात मी त्यांचे हात पुन्हा जुळू देणार नाही. माझे तर नाहीच.

मी आता नवा बँड उभा करते आहे. करोंदच्या मंडीत हमाली करणाऱ्याची मुलगी गाते, कॉलेजातला एक मुलगा ड्रम वाजवतो. त्यांना मी पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकलं. माझं आडनाव, आमची वस्ती, बाबांची बदली का झाली ते. आणि हेही सांगितलं, की मला घेता का म्हणून मी यापुढे कुणाला विचारणार नाही. वाजवायचं असेल तर बसा. नसेल, तर दार उघडं आहे.