चपलेखालचा पतंग

फुलसावंगीला माझ्या भावाचं कपाशीचं शेत आहे. मी उमरखेडच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. शनिवारी शेतावर गेले की गोठ्याच्या भिंतीवर पांढरी चादर बांधते आणि समोर बल्ब लावते. उजेडाला आलेले पतंग सकाळी पाहायचे, फोटो काढायचे, वहीत नोंद करायची आणि सोडून द्यायचे. सहा वर्षं हेच चाललंय.

त्या रविवारी उजाडताच गेले, तर चादरीच्या कोपऱ्यात तो बसला होता. बोटाएवढा, शेवाळी हिरवा, मागच्या पंखांची गुलाबी कड जेमतेम दिसत होती. हा पतंग मी आधी एकदाच पाहिला होता, बोरी अरबच्या रस्त्यावर, मेलेला आणि पंख झिजलेला. ती नोंद पतंगांच्या जाणकारांना पाठवली, तर त्यांनी ‘खात्री नाही’ असं लिहून पाठवलं होतं. आता समोर जिवंत! कॅमेरा घरात राहिला होता. मी धावत सुटले.

परत आले तेव्हा चादरीसमोर वहिनी उभ्या होत्या. हातात चप्पल. चादरीवर ओला डाग.

मी डागापाशी जाऊन वाकले.

“काय झालं वं?” वहिनी म्हणाल्या. “बोंडअळीचं पाखरू होतं. मारलं.”

“बोंडअळीचा पतंग नखाएवढा असतो, वहिनी! कळत कसं नाही तुम्हाला?” मी किंचाळले. म्हैस दचकून उभी राहिली.

वहिनींशी घरात कुणी असं बोलत नाही. त्यांनी शांतपणे चप्पल पायात घातली.

“गेल्या साली बोंड फोडलं का आत अळी. अन् तू दिवा लावून पाखरं बोलावून राह्यली. मी काही बोलली का तुले?”

सहा वर्षांत हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता.

सांगायचं म्हणून मी सांगितलं, की याची अळी कपाशीला हात लावत नाही. जाड, हिरवी असते, शेपटीवर काटा असतो.

“काटेवाली?” वहिनी म्हणाल्या. “ते तं कुंपणाच्या वेलावर लय रायते. मी कोंबड्यायले टाकतो.”

दुसरा धक्का. आम्ही कुंपणाकडे गेलो. चावलेल्या पानांत तीन अळ्या उरल्या होत्या. एक मी बरणीत घालून वहिनींकडे ठेवली आणि उमरखेडला परतले. ती कोष करेपर्यंत वहिनी रोज तिला पानं घालत होत्या.

काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. “बाई, तुहं पाखरू निंगालं. लय फडफडून राह्यलं होतं, मंग सोडलं.”

“फोटो?” मी ओरडलेच.

“काढला न. पोराच्या मोबाइलवर.”

अर्ध्या फोटोत त्यांचा अंगठा होता, पण गुलाबी कड स्वच्छ दिसत होती. जाणकारांनी नोंद मान्य केली. मी चादर कपाशीपासून लांब, नाल्याकडच्या बाभळीला बांधायला लागले. किंचाळल्याबद्दल वहिनींची माफी मात्र अजून मागितलेली नाही. त्यांच्यासमोर गेलं की जीभ वळत नाही.