हिवताप झाडाले हेच लागते

आमच्या घरात दोन पिढ्या कचेरीत गेलेल्या. यवतमाळात राहूनही आई आम्हाला ‘मले-तुले’ म्हणू द्यायची नाही. चुकून निघालंच तोंडातून, तर कान पिळायची. त्यामुळे माझं मराठी अगदी शुद्ध झालं आणि पुढे त्या शुद्धपणानंच माझा घात केला.

मी मारेगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पीएचडीचा विषय होता, हिवताप रोखणारं द्रव्य इथल्या औषधी वनस्पतींत सापडतं का. ऐकायला झकास. पण जी वनस्पती हातात घ्यावी तिच्यावर कुणीतरी आधीच ठाण मांडून बसलेलं. भुईनीम झाला, सातवीण झाली, गुळवेलीचं तर विचारूच नका. माझ्या गाइड सरांनी शेवटची मुदतवाढ देताना अक्षरशः हात जोडले. "काहीतरी नवीन आणा, मॅडम. नाहीतर विषय सोडा." चाळिशीला टेकलेल्या बाईला विषय सोडा म्हणणं सोपं असतं. मला सोडायचा नव्हता.

तशात कळलं, की मुकुटबनच्या पलीकडे कोलामांच्या एका पोडावर, म्हणजे टेकडीवरच्या वस्तीवर, एक बुढी हिवताप घालवते. रविवारी स्कूटी काढली आणि निघाले.

बुढी अंगणात तूर पाखडत होती. तिनं आधी खाट टाकली, पाणी दिलं, मग मी कोण, कुणाची, लेकरं किती हे सगळं विचारून घेतलं. माझी पाळी आल्यावर मी विचारलं, "माय, हिवतापाला काय वापरता?" तिनं कुडात खोचलेली राखाडी पानांची एक फांदी काढून माझ्या हातात दिली.

"हिवताप झाडाले हेच लागते व बाई. माह्या सासूपासून हेच."

मी मनातल्या मनात लगेच वाक्य शुद्ध करून घेतलं : हिवतापाला हेच झाड लागतं. आणि आनंदानं वेडी व्हायची बाकी राहिले, कारण या झुडपावर हिवतापासाठी कुणी काही केल्याचं मला कुठंच आढळलं नव्हतं. त्याचं नाव इथं देत नाही. बिचाऱ्याचा यात काही दोष नव्हता.

पोतंभर पाला आणला. सावलीत वाळवला, कुटला, अल्कोहोलमध्ये भिजवला, आटवला. काकवीसारखा काळा चिकट अर्क निघाला. घरभर असा वास सुटला, की नवरा जेवणाचं ताट घेऊन गच्चीवर जाऊ लागला. अर्क बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथं हिवतापाचे जंतू रक्तात वाढवतात आणि त्यांच्यावर औषध घालून बघतात. निकाल आला : जंतू जसेच्या तसे. मला तर ते थोडे बाळसं धरल्यासारखेच वाटले.

पुन्हा पोड गाठलं. काढा करताना आणखी काही घालत असतील, ते आपलं विचारायचं राहिलं असेल, अशी वेडी आशा होती. बुढीच्या मांडीवर तिची लहानगी नात तापानं फणफणलेली होती. आशाताई बोटातलं रक्त तपासून, हिवताप आहे सांगून, गोळ्या देऊन गेली होती. पोर मात्र तोंड उघडायला तयार नव्हती.

"माय, हा पाला कसा पाजता?" मी विचारलं.

"पाजतो? काहून पाजू?" बुढी माझ्याकडे बघतच राहिली. "झाडाचा हाय ना व तो. आंगावरून झाडतो."

झाडाले म्हणजे झाडायला! अंगावरून फांदी फिरवायची आणि ताप झाडून टाकायचा. मी अर्काची सगळी हकिगत सांगितली, तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली.

"शिजवला तुमी? बकरीबी खात नाही त्याले!"

मीही हसले. हसता हसता डोळे भरून आले. प्रबंध गेला होता, सगळी मेहनत त्या काकवीत गेली होती, आणि हे सरांना आता कुठल्या तोंडानं सांगायचं?

बुढीनं फांदी उचलली. काहीतरी पुटपुटत पोरीच्या डोक्यापासून पायांपर्यंत हळूहळू फिरवत राहिली. पोरीच्या आवळलेल्या मुठी सुटल्या, रडं थांबलं, जबडा सैल पडला. तेवढ्यात बुढीनं गोळीची पूड गुळात कालवून तिच्या तोंडात सारली. पोरीनं गिळली.

"झाडल्यानं ताप जातो?" मी विचारलं.

"ताप गोळीनं जाते. पण गोळी पोटात जाव लागते का नाही?"

पिशवीत फोन वाजू लागला. सरांचाच असणार.

"तुमचंबी तोंड लय उतरलं व बाई," बुढी म्हणाली. "या, बसा."

फोन वाजत राहिला. मी चपला काढल्या आणि तिच्यापुढे जाऊन बसले.