चादरीचं बुडणारं टोक

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आज सकाळी सुनेने टबात चादर भिजत घातली. एक टोक जड होऊन बुडालं आणि काठावरची कोरडी चादर मागोमाग ओढत गेलं. टबातलं पाणीही त्यासरशी हललं. मी बघतच राहिलो.

कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकवायचो. पृथ्वीच्या पोटातला तापलेला खडक अतिशय सावकाश वाहतो आणि वरचे भूपट्ट, म्हणजे कवचाचे प्रचंड तुकडे, वाहून नेतो, असं एकदा वर्गात सांगत होतो. मालती नावाची विद्यार्थिनी उठली. "सर, भूपट्टाची थंड, जड कडाच बुडत असेल आणि तीच खालच्या खडकाला ओढत असेल तर?"

"मालतीबाई, तुमच्याकडे गाडी बैलाला ओढते वाटतं?"

वर्ग हसला. पुढच्या वर्षी तिने विषय सोडला. नंतर माझ्या वाचनात आलं, की दोन्ही एकमेकांना हलवतात, पण मोठी ओढ त्या बुडणाऱ्या कडेचीच. मग मी तेच शिकवलं, तिचं नाव न घेता.

एकदा ती बसस्टॉपवर भेटली, तिने वाकून नमस्कार केला. बस येईपर्यंत आम्ही उन्हाळ्याबद्दल बोललो. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, "मालती, तुझं बरोबर होतं. माझं चुकलं."