डिचोलीची छोटी अमेरिकन

कुडाळ सोडताना एसटीच्या कंडक्टरने विचारलं, "परत कशा येणार?" मी ऐटीत म्हटलं, "स्वतःच्या गाडीने!" दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली दोन दारांची छोटी अमेरिकन मोटार, शिक्षिकेच्या पगाराला झेपणारी, मला डिचोलीत मिळाली होती.

गाडीचे मालक सदाभाई. त्यांनी अंगणातच चहा आणि गरम उंडे (कडक पाठीचे पाव) पुढे केले. कागदांवर सह्या झाल्या. दार उघडलं, तर मागच्या सीटवर त्यांची थोरली बहीण कुसुमताई पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या.

"बाय, मी उतरणार नाय. बापायची (वडिलांची) गाडी. ह्याने मला विचारलं पण नाय."

"अगो अक्का, सांभाळणार कोण?" सदाभाई पुटपुटले.

कागद पिशवीत असूनही मला चोरी करतेय असं वाटलं. "मग काय करायचं, मावशी?"

"हरमलाक व्हर (हरमलच्या किनाऱ्यावर ने). बापाय आमकां थंयच (तिथेच) न्यायचा."

"नेते. तिथे गेल्यावर नको म्हणालात, तर गाडी परत इथेच आणून लावीन."

स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे पुढच्या गाडीला मागे टाकताना समोरून येणारं काही दिसेना. मागून मावशी जनेलातून (खिडकीतून) डोकं काढून ओरडायच्या, "रांव, रांव (थांब)! आतां वच (जा)!" पेडण्याच्या चढावर इंजिन उकळलं. एका घरातल्या बाईने कळशीभर पाणी दिलं आणि विचारलं, "कोणाची गाडी गे?"

"आमची," मावशी ताठ मानेने म्हणाल्या. मी रेडिएटरमध्ये पाणी ओतलं.

हरमलला स्कूटरवाल्या पर्यटकांनी फोटोंसाठी गाडीला घेरलं. मावशींनी समुद्राकडे पाहिलंच नाही. "पुढे बसू?" त्यांनी विचारलं. "बापाय पोरांना पुढे बसवायचा नाय." त्या पुढे बसल्या आणि परतताना पेडण्यापर्यंत डॅशबोर्डवरचं एकेक बटण ओढून बघत राहिल्या. एकाने वायपर सुरू झाला, तो कडक उन्हात चालूच राहिला. आम्ही दोघी हसून बेजार.

पेडण्याच्या बसस्टँडवर त्या म्हणाल्या, "थांबव. मी बसने जाते."

मी किल्ली पुढे केली. "मावशी, खरं सांगा."

"अंगणात ती नुसती उभी होती, बाय. आज धावली. तू धावव तिला." उतरून त्यांनी दार दोन्ही हातांनी लावलं आणि वळून न बघता बसकडे गेल्या.

संध्याकाळी कुडाळला शेजाऱ्यांनी गाडीभोवती गर्दी केली. गाडी कधी घेतली, असं कुणीतरी विचारलं. सह्या डिचोलीत झाल्या होत्या. पण गाडी माझी झाली ती पेडण्याला, मावशींनी बाहेरून दार लावलं तेव्हा.