किजींच्या छताला कोळ्याचं जाळं

सकाळी पिंजऱ्यात शिरले, तर आणखी तीन किजी डोकं फुटून पडलेले. रात्री मोठ्या भूकंपानंतरचा आणखी एक आफ्टरशॉक होऊन गेला होता.

किजी म्हणजे जपानी फेझंट. कोंबडीएवढा, नराची छाती मोराच्या गळ्यासारखी. जपानातल्या आमच्या सेंटरवर पिल्लं वाढवून रानात सोडायची. काही जात टिकावी म्हणून, काही शिकाऱ्यांसाठी. मी तिथली पक्षीतज्ज्ञ; पुण्याची, शाकाहारी. "मारायलाच वाढवतेस की!" असे बहीण फोनवर टोमणे मारायची.

किजी दचकला की सरळ वर झेपावतो. वर होती माझ्या डिझाइनची लोखंडी जाळी, तबल्यासारखी ताणलेली. माझं वय पन्नाशीचं, ऐट पंचविशीची. ढिली जाळी म्हणजे गबाळेपणा, असं मी भर मीटिंगमध्ये ऐकवलं होतं.

"असंच चाललं तर यंदा सोडायला पक्षी उरणार नाहीत," बॉस मोरी-सान म्हणाले. "मग सेंटरही बंद."

"आतून मऊ जाळं लावू या. ढिलं."

"भूकंपानंतर नवं आणायला ट्रक कुठे मिळतायत? जुनं, गबाळं चालेल?"

"चालेल." इतक्या हळू मी जन्मात बोलले नव्हते.

दुपारी ते साकाई-सानना घेऊन आले. हे कोळी. बोट त्सुनामीत गेलेली. जाळी टेकडीवरच्या शेडमध्ये होती म्हणून वाचली.

"परत कधी देऊ?" मी विचारलं.

"बोटच नाही, टाकू कुठे? त्यापेक्षा एक जोडी आमच्या बांधावर सोडा. गाव फार गप्प झालंय."

तिघांनी मिळून लोखंडी जाळीखाली ते झोळीसारखं टांगलं. माशांचा वास येत होता. मी नाकाला पदर लावायचीही हिंमत केली नाही. पुढच्या धक्क्याला पक्षी उसळले, आणि झाडावरून काढताना झेल्याच्या जाळीत आंबा पडावा तसे अलगद सावरले. एकही दगावला नाही.

शरदात सगळे सोडले. वसंतात साकाई-सानचा फोन आला. "तुमचा किजी पहाटेपासून ओरडतोय. झोपू देत नाही!"

"पकडून नेऊ का?"

"खबरदार!"

पुढे त्यांना नवी बोट मिळाली. भांडं रिकामं परत करू नये म्हणतात, म्हणून जाळ्यासोबत बेसनलाडूंचा डबा दिला. त्यांनी डबा मासे भरून परत केला. मोरी-सानची चंगळ झाली. मी दोघांची अजून ऋणी आहे.

तेव्हापासून परकराची नाडी सोडली, तर मी काहीही ताणून बांधत नाही. मतसुद्धा.