गॅलरी नसलेलं घर

निखिलचा फोन आला तेव्हा मी डब्लिनजवळ ॲडम्सटाउनला लेकीकडे मेथी निवडत बसले होते. “काकू, आई गेली... पहाटे, झोपेतच.” निखिल म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, मंदाताईंचा मुलगा. महिना होत आला, पण अजूनही वाटतं, डब्लिनमधल्या त्यांच्या जुन्या विटांच्या घराखाली उभं राहून मान वर केली की त्या दिसतील.

आमची ओळख मराठी मंडळाच्या गणपतीतली. दोघीही मुलांकडे आलेल्या, दोघीही बडबड्या. मग कोरोना आला. मंदाताईंची फुप्फुसं आधीच नाजूक, म्हणून घरात बाहेरच्या कुणालाच प्रवेश नाही. बंधनं सैल झाली तशी लेक मला रविवारी गाडीने न्यायची. मी फुटपाथवर, त्या पहिल्या मजल्यावर काचेआड आणि दोघींच्या कानाला फोन! “फोनवरच बोलायचं तर एवढ्या लांब आलीस कशाला गं?” असं वर मलाच विचारायच्या.

घर दोन-अडीचशे वर्षांचं. लाल विटांची सरळसोट दर्शनी भिंत, कुठे नक्षी नाही की सज्जा नाही. पहिल्या मजल्याच्या खिडक्या माणसाहून उंच, वर जावं तशा बुटक्या होत गेलेल्या. एवढं देखणं घर, पण गॅलरी नाही! मंदाताईंना तेच सलायचं. त्यात रंगाचे थर चढून चढून त्या वर सरकवायच्या खिडक्या चौकटीला घट्ट चिकटलेल्या. निखिल म्हणायचा, पालिकेची परवानगी मिळाली की काढून नव्या बसवू, घर गरम राहील. त्या ऐकेनात. “नवी नको, हीच उघड. मला माणसांचा आवाज ऐकायचाय रे! नुसती हलणारी तोंडं किती बघू?”

शेवटी पातळ उलथनं घेऊन स्वतःच रंग कापायला लागल्या. “आई, छातीत धूळ जाईल!” निखिल ओरडला. “मग तू कर.” झालं, त्याला करावंच लागलं. चौकटीची फळी काढली, तर आत दोरीला टांगलेली लोखंडी वजनं! त्या दिवशी मंदाताईंचा फोन काही संपेना. “अगं कुसुम, खिडकी वर जाते तेव्हा ही खाली उतरतात. म्हणून एवढं धूड सहज उचलता येतं. काय डोकं असेल त्या माणसाचं!”

तुटकी दोरी बदलली आणि पुढच्या रविवारी खिडकी करकरत वर गेली. मंदाताई वाकून ओरडल्या, “कुसुम, जाड झालीस गं!” कुत्रा फिरवणारे एक आजोबा थांबले, वर बघून म्हणाले, “ग्रँड!” म्हणजे इथल्या बोलीत झकास. त्यांना काय कळलं देव जाणे. मी मात्र हसता हसता रडले.

“लस झाली की वर ये, चहा टाकते,” त्या म्हणायच्या. लस झाली, जायचा रविवारही ठरला... त्याआधीच त्या गेल्या. चहा राहिला.

परवा पहिल्यांदाच त्या खोलीत गेले. निखिल शेजारची दुसरी खिडकी मोकळी करत होता, बोटं रंगाने माखलेली. “नव्यांचा विचार सोडला, काकू,” म्हणाला. मी मंदाताईंच्या खुर्चीत बसले, आणि बघते तर काय, खिडकीची खालची कड जेमतेम गुडघ्याएवढ्या उंचीवर. बसल्या बसल्या अख्खा फुटपाथ दिसतो. मी खालून काळजी करायचे, उभं राहून यांना दम लागत असेल म्हणून... आणि बाई आरामात बसून माझ्याशी भांडत होत्या!

निखिलने जोर लावला. खिडकी वर सरकली आणि रस्ता आत आला. कुणाचं हसणं, कुणाची हाक, सायकलची घंटी. आम्ही दोघं ऐकत बसलो.